नौकेवरून तोल जातो तेव्हां

कोळ्याचा जीव वादळांतच जातो, अशी किनाऱ्यापासून दूर राहणारांची समजूत असते. वादळें बोटी बुडवितात हें खरें. परंतु समुद्र शांत आणि बोट धडधाकट असतांना एखादाच खलाशी काठावरून पडून नाहींसा होतो, ही गोष्ट वृत्तपत्रांच्या मथळ्यांपर्यंत क्वचितच पोंचते.

अमेरिकेंत या अपघातांची मोजदाद झाली आहे. २००० ते २०१६ या सतरा वर्षांत तेथील २०४ मच्छीमार असे पाण्यांत पडून मेले. त्यांपैकीं १२१ जणांना पडतांना कोणींच पाहिलें नव्हतें. आणि तरंगतें जाकीट एकाच्याहि अंगावर नव्हतें.

कोंकणच्या ट्रॉलरावर काय घडतें तें यावरून ताडतां येईल. फळ्या मासळीच्या पाण्यानें निसरड्या झालेल्या असतात. विंचवरून सुटणाऱ्या दोराचें वेटोळें पायांत अडकलें, तर जाळ्यामागोमाग माणूसहि जातो. रात्रीं देहधर्मासाठीं काठावर बसावें लागतें तें तर त्याहून धोक्याचें. यंत्राच्या आवाजांत हांक विरते. सहा नॉट वेगानें चाललेली बोट मिनिटाला सुमारें १८५ मीटर पुढें जाते, आणि जाळें पाण्यांत असल्यास तिला चटकन वळतांहि येत नाहीं. लाटांतून माणसाचें डोकें नारळाएवढेंच दिसतें! कोळ्याचा मुलगा लहानपणापासून पोहतो. परंतु याच बोटींवर नेपाळांतून आलेले तरुणहि काम करतात, आणि कित्येकांनीं समुद्र पाहिलेला असतो तो नोकरीला लागल्यावरच.

जाकिटें बोटीवर असतात, पण बहुधा केबिनींत कोंबलेलीं. तीं घालून उकडतें, जाळ्यांत अडकतें, असें खलाशी सांगतात. हा आक्षेप आळसाचा नव्हे. कमरेस बांधण्याचे, पाण्यांत फुगणारे पट्टे आतां मिळतात. ते अंगावर घालून काम करतां येतें. बाजूस दोराची शिडी सोडलेली असली, तर भिजून थकलेल्या माणसास वर येणें साधतें. या गोष्टी फार खर्चाच्या नाहींत.

प्रेत न सापडल्यास घरच्यांचे हाल निराळेच. सात वर्षें ज्याची वार्ता नाहीं, त्यास कायदा मृत मानतो. तोंवर विमा, बँकेंतील ठेव, सारेंच अडून राहूं शकतें. चौकशी होऊन दाखला लवकर मिळाला तर प्रश्न मिटतो. परंतु तो इसम त्या दिवशीं बोटीवर होता याला कांहीं पुरावा लागतो. तांडेलानें निघण्यापूर्वीं त्याचें नांव यादींत चढविलेंच नसेल, तर दूर डोंगरांतल्या त्याच्या बायकोनें तो कोठून आणावा?