होडीने दिलेला धडा
(वार्षिक समारंभातील भाषण)



हवाई बेटांवरील लोकांचे पूर्वज जोडहोड्यांतून अफाट पॅसिफिक महासागर ओलांडून आले. पुढे ती विद्या तेथे लोपली. १८९६ च्या कायद्याने शाळांतून त्यांची भाषाही हद्दपार झाली. तुमचे पूर्वज प्रवाहाबरोबर वाहत आले असतील, असेही काही विद्वान सांगू लागले.

याला उत्तर म्हणून १९७५ मध्ये ‘होकुलेआ’ ही जोडहोडी पाण्यात उतरली. होडी झाली, पण होकायंत्राशिवाय ती नेणारा जाणकार हवाईत उरला नव्हता! तो मिळाला दूरच्या सातावाल या चिमुकल्या बेटावर. त्यांचे नाव माऊ पिआइलुग. १९७६ मध्ये तारे, वारा आणि लाटांचा रोख पाहत त्यांनी सुमारे ४,००० किलोमीटरांवरील ताहिती गाठले. किनाऱ्यावर हजारो लोक लोटले.

खरी गोष्ट पुढेच आहे. ही विद्या परक्याला देण्याची रीत नव्हती. पण ती आपल्याबरोबरच बुडेल, या चिंतेने माऊंनी ती हवाईच्या तरुणांना शिकविली. १९८० मध्ये त्यांचे शिष्य नाइनोआ थॉम्पसन यांनी स्वतः मार्ग काढीत होडी ताहितीला नेली. मान ताठ झाली ती एका माणसाची नव्हे, साऱ्या समाजाची.

पालकहो, आपल्याजवळचे हुन्नर मुलांच्या हाती द्या. मुलांनो, वडीलधाऱ्यांना आजच विचारा. उशीर झाला, तर प्रत्येकाला सातावाल सापडेलच असे नाही.