उत्तराची वाट पाहणारा माणूस



मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा शहरातल्या ट्राम घोडे ओढत असत. घोडा लंगडला की मालकाला जाणून घ्यायचं असणार ते एकच, हा कामाला कधी लागेल? आज शहरातल्या दवाखान्यात आपणा पशुवैद्यांच्या टेबलावर येणारं जनावर बहुधा कुणाच्या कामाचं नसतं. ते घरातलं असतं, आणि त्याच्या माणसाच्या मनात ढीगभर प्रश्न असतात. त्या प्रश्नांना पुरतं उत्तर देणं हा उपचाराचाच भाग आहे, असं मी मानतो. आपण तो घाईत उरकतो आणि त्रास मुक्या जिवाला होतो.

‘मागच्या महिन्यात लस दिली होती ना, मग पुन्हा कशाला?’ हे आपण रोज ऐकतो आणि ‘डोस पूर्ण करावा लागतो’ म्हणून कार्डावर पुढची तारीख टाकतो. हे उत्तर नव्हे. पिल्लाला आईच्या चिकातून संरक्षण मिळतं. ते काही आठवडे टिकतं आणि तोवर तेच लशीला निष्प्रभ करतं. ते कधी ओसरेल, हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यायची, म्हणजे त्यातली एक तरी नेमक्या वेळी लागू पडते. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. ज्याला कारण कळलं तो पुढच्या डोसला स्वतःहून येतो. ज्याला नुसती तारीख मिळाली, त्याचं पिल्लू अनेकदा पार्व्हो विषाणूची रक्ताची हगवण लागल्यावरच येतं.

दुसरा प्रश्न फोनवर येतो. ‘ताप वाटतोय, घरातली क्रोसिन देऊ का?’ मांजराच्या बाबतीत याचं उत्तर ठाम ‘नाही’ असलं पाहिजे, आणि त्यामागचं कारणही सांगितलं पाहिजे. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि त्याचा निचरा करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो. एका जिवाला चालणारं औषध दुसऱ्याला चालेलच असं नाही, हे आपल्या व्यवसायाने गिधाडांच्या बाबतीत फार मोठी किंमत देऊन शिकून घेतलं आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने, त्यांची कलेवरं खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी केली. २००६ साली गुरांसाठी त्याच्यावर बंदी आली, तोवर गिधाडांची आभाळं रिकामी झाली होती.

रेबीजबद्दल तर अर्धवट बोलणं अक्षम्य आहे. ‘आमचा टॉमी घरातच असतो, त्याला लस कशाला?’ आणि ‘त्याला लस दिलेली आहे, मग तो चावला तर मला इंजेक्शन हवंच का?’ हे दोन्ही प्रश्न आपल्याकडेच येतात. लक्षणं दिसल्यावर हा आजार जवळपास नेहमीच जीव घेतो. चावलेली जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही. तडक माणसांच्या डॉक्टरांकडे जायचं. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष आपण ठेवू, पण त्या दहा दिवसांसाठी माणसाचे उपचार थांबवून ठेवायचे नाहीत. हे सांगताना आपल्या आवाजात कसलीही चालढकल नको.

‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत ना?’ याला वैद्यकीय आधार नाही. नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात उतारवयात पू होऊ शकतो, हे मात्र सांगायलाच हवं. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुत्र्याला देऊ नका, हे तर भिंतीवर लिहून लावता येईल.

खर्चाचा प्रश्न लोक संकोचाने विचारतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्यामेंढ्यांसाठी उभे राहिले. त्यामुळे कुत्र्या-मांजरांच्या तपासण्यांचा भार बहुतेक घरांवरच पडतो. शस्त्रक्रियेआधी अंदाजे रक्कम कळणं आणि स्वस्त पर्याय असेल तर तोही समोर ठेवला जाणं, हा त्या माणसाचा हक्क आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी येतो. ‘तुमचा असता तर काय केलं असतंत?’ त्या वेळी आपण मोबाइलकडे पाहू नये. तो खातो का, उठून मोरीपर्यंत जातो का, हाक मारली की मान वळवतो का, रात्री कण्हतो का, हे शांतपणे विचारावं. निर्णय झालाच तर सगळं आधी सांगावं : प्रथम गुंगीचं औषध, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. डोळे उघडे राहतील. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं दिसेल, पण ते दुखणं नाही. हे ठाऊक नसलेला माणूस पुढे कित्येक वर्षं त्याला आपण यातना दिल्या असं समजून स्वतःला दोष देत राहतो. असं ओझं घेऊन कुणी आपल्या दवाखान्यातून घरी जाऊ नये, असं मला फार मनापासून वाटतं.

विद्यार्थ्यांना आपण शवविच्छेदन शिकवतो, औषधशास्त्र शिकवतो. हे बोलणं मात्र त्यांना बघून-बघून उचलावं लागतं. इंटर्नशिपमध्ये त्याचे रीतसर तास असावेत. आणि लसीकरण, विषबाधा, चावा, भूल आणि दयामरण या पाच विषयांवर सोप्या मराठीत एकेक पान तयार करून ते प्रत्येक दवाखान्यात विनामूल्य मिळावं, असा ठराव मी आज परिषदेसमोर ठेवतो. मसुदा बाहेरच्या टेबलावर आहे. दुपारच्या सत्राआधी तो वाचून आपल्या दुरुस्त्या समासात लिहून द्याव्यात, ही विनंती.