फरीगदक्याचा पाठ

वऱ्हाडांत मिरवणूक निघाली कीं तिच्यापुढें लेझीम, लाठी आणि पट्टा यांचे खेळ होतात. अमरावतीस काय किंवा अकोल्यास काय, ज्या घरांत व्यायामाचें नांवही निघत नाहीं, त्या घरांतील मंडळीसुद्धां अशा वेळीं गच्चीवर येऊन उभी राहतात. परंतु श्रोतेहो, त्या पथकांतील एखाद्या मुलाच्या हातांत तो खेळ कसा उतरला, याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं. आजचें भाषण त्या चौकशीपुरतेंच आहे. आणि त्यासाठीं फरीगदका हा एकच प्रकार घेतला आहे. दोघांनीं समोरासमोर खेळावयाचा आणि तलवारीच्या विद्येस अगदीं जवळचा असा आपला खेळ तो.

गदका म्हणजे कातड्यानें मढविलेली काठी. ती तलवारीच्या जागीं. फरी म्हणजे डाव्या हातांत धरावयाची लहानशी ढाल. गालावर येणारा वार तो तमाचा, उलट हातानें दुसऱ्या बाजूस येणारा तो बाहेरा. शीर आणि कमर हीं नांवें आपला अर्थ आपणच सांगतात. हीं नांवें मुलास आठवड्यांत पाठ होतात. वार मात्र आठवड्यांत येत नाहीं.

अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं जो आखाडा सुरू केला, त्यांतून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही संस्था वाढली. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं मंडळाच्या पथकानें आपले देशी खेळ तेथें करून दाखविले. मोठ्या मैदानावर शेंकडों मुलांचे हात एका हुकमासरशीं उचलले जातात, तें दृश्य खरोखर डोळ्यांचें पारणें फेडणारें असतें. सांघिक कवाइतीनें छाती रुंदावते, भीड मोडते, शिस्त अंगीं बाणते. तिला कमी लेखण्याचें कारण नाहीं. पण कवाइतींत वार आंकड्यावर येतो. ‘एक’ म्हटलें कीं तमाचा, ‘दोन’ म्हटलें कीं बाहेरा. समोरचा प्रतिस्पर्धी आंकडे मोजून वार करीत नाहीं, आणि नेमकी तेथेंच कवाइतीची विद्या संपते.

पुढची विद्या वस्तादानें एकट्या शिष्यासमोर उभें राहूनच द्यावी लागते. सलामी होते, दोघे पवित्रा घेतात. आरंभीं वस्ताद वार करीत नाहीं. तो नुसता एक पाऊल पुढें येतो, एक मागें जातो, आणि शिष्यानें दोघांमधील अंतर मोडूं द्यावयाचें नसतें. हा भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो. तरी अर्धा खेळ त्यांतच आहे. कारण अंतर चुकलें कीं उत्तम वारही हवेंत जातो. मग वस्ताद आपली फरी हळूच थोडी खालीं आणतो. शीर उघडें पडलें. तें शिष्यास दिसलें पाहिजे आणि त्याच क्षणीं गदका तेथें पोंचला पाहिजे. पोंचला तर वस्ताद तो वार खुशाल लागूं देतो. नवखा मुलगा आपल्याच हाताकडे पाहत राहतो, मग खास वऱ्हाडी कानउघाडणी होते, “काठीकडं काय पाह्यतं रे पोरा? माह्याकडं पाह्य!”

हें साधलें म्हणजे हूल येते. वस्ताद तमाच्याचा झोंक दाखवितो आणि कमरेवर उतरतो. खरा वार कोणता आणि खोटा कोणता, हें तोंडानें सांगून कळत नाहीं. शंभरदां फसून कळतें. येथें वस्तादाच्या संयमाची परीक्षा असते. मुलगा सोसेल तितक्याच वेगानें त्याला फसवावें, त्याहून अधिक वेगानें फसविणें ही शिकवण नसून बढाई आहे. असे बढाईखोर वस्तादही असतात, आणि त्यांचे शिष्य लवकरच आखाडा सोडतात.

युरोपांतील तलवारबाजीची शाळा हीच वाट चालते. तेथें गुरु छातीवर जाड कातडी कवच चढवून शिष्यासमोर उभा राहतो, मुद्दाम जागा उघडी करून देतो आणि तोंडापेक्षां पात्यानेंच अधिक बोलतो. चेन्नईची भवानी देवी ही टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें २०२१ सालीं उतरली. तलवारबाजींत ऑलिंपिक गांठणारी ती पहिली भारतीय. पहिला सामना तिनें १५–३ असा जिंकला. तिचें शस्त्र सेबर, म्हणजे कापीव वाराचें, आपल्या गदक्याचें जवळचें नातलग. फरी मात्र त्यांत नाहीं. त्या तयारीसाठीं तिनें इटलींत लिव्होर्नो येथें राहून निकोला झानोत्ती या गुरूपाशीं अभ्यास केला होता. एका शिष्येसाठीं एक गुरु इतका वेळ खर्चितो, हें ऐकून आपल्याकडील शाळाचालकांस नवल वाटेल.

त्यांची अडचणही खोटी नाहीं. चाळीस मुलें आणि एक तास. प्रत्येकाच्या वांट्यास दीड मिनिट येतें. यावर जुन्या आखाड्याचा तोडगा असा कीं, जाणत्या मुलानें नवख्यास घेऊन जोडीनें फिरावें आणि वस्तादानें रोज आठ-दहा जणांसच आपल्यापुढें घ्यावें. आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते, आणि शिकवितां शिकवितां जाणत्याचाही हात सुधारतो. मात्र शिकविणाऱ्या मुलानें जिंकण्यासाठीं खेळूं नये, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावें लागतें.

डावखुऱ्या मुलाची गोष्ट निराळी. जोडींत त्याचे वार सर्वांस अवघड जातात, म्हणून त्यास उजव्या हातानें खेळावयास लावण्याचा मोह होतो. चांगला वस्ताद तसें करीत नाहीं. तो स्वतःच कधीं कधीं फरी उजव्या हातांत आणि गदका डाव्या हातांत घेऊन इतर मुलांपुढें उभा राहतो, म्हणजे तमाचा कोणत्या गालावर येणार हें त्यांना पुन्हां पहिल्यापासून शिकावें लागतें.