चंद्रावरची नावे आणि हजेरीपट



चंद्रावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गावच्या वाचनालयात झाले. पण मी आज बोलणार आहे ते नावांविषयी, आणि नावांशी माझा रोजचा संबंध आहे.

आपल्या जिल्ह्यातले लोणार आपण पाहिलेच आहे. उल्केच्या आघाताने पडलेले ते विवर. लोकांनी त्याला लवणासुराची कथा जोडली. चंद्रावर अशी विवरे लाखोंनी आहेत. पण तेथे ना गाव, ना कथा सांगणारी आजी. मग त्यांचे बारसे केले कुणी?

१६०९ साली गॅलिलिओने दुर्बीण चंद्राकडे वळवली आणि तेथले डोंगर-खळगे दिसू लागले. १६४५ साली स्पेनच्या राजाच्या पदरी असलेल्या लँग्रेनसने नकाशा छापला. सर्वांत मोठ्या काळसर सपाटीला त्याने फिलिप राजाचे नाव दिले, आणि एका विवराला स्वतःचे! १६४७ साली हेवेलियसने पृथ्वीवरच्या डोंगर-समुद्रांची नावे तिकडे नेली. १६५१ साली रिच्चोली या पाद्र्याने ग्रिमाल्डीने काढलेल्या नकाशावर विद्वानांची नावे घातली. कोपर्निकसचे मत त्याने मान्य केले नव्हते. तरी एक ठळक, सुमारे ९३ किलोमीटर रुंदीचे विवर त्याने कोपर्निकसलाच दिले. मतभेद असावा तर असा! पुढे रिच्चोलीचीच पद्धत रूढ झाली. फिलिप राजाची सपाटी आज ‘वादळांचा महासागर’ म्हणून ओळखली जाते.

पुढच्या नकाशाकारांनी मात्र घोळ केला. एकाच विवराला तीन नकाशांत तीन नावे. एकच नाव दोन ठिकाणी. तो निस्तरला इंग्लंडातल्या मेरी ब्लॅग या बाईंनी. त्या कोणत्याही विद्यापीठात गेल्या नव्हत्या. भावाच्या शाळेतल्या पुस्तकांवरून गणित शिकल्या. नकाशे ताडून त्यांनी १९१३ साली यादी केली. मग त्यांनी व म्युलर यांनी मिळून केलेली अधिकृत यादी १९३५ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाने प्रसिद्ध केली. ब्लॅगबाईंच्या नावाचेही एक विवर चंद्रावर आहे. लहानच, पाचेक किलोमीटरचे.

हे वाचले तेव्हा मला एका जिनिंग कारखान्यातला आमचा कामगार आठवला. हजेरीपटावर त्याचे नाव एक, पगारपत्रकावर दुसरे, फंडाच्या कागदावर तिसरे. वीस वर्षे राबून हक्काचे पैसे मागायला गेला, तर साहेब विचारतात, “यांतला तू कोण?” आम्ही वर्षभर कागद ताडत बसलो, तेव्हा कुठे त्याचे पैसे मिळाले.

मंडळी, नाव देणे सोपे असते. ते सर्व कागदांवर एक ठेवणे हे खरे काम, आणि ते करणाऱ्याची आठवण थोड्यांनाच राहते. आज चांदण्यात घरी जाल, तेव्हा ब्लॅगबाईंची आठवण ठेवा. आणि घरात कुणी मजुरीवर जात असेल, तर त्याचे नाव सगळ्या कागदांवर एकच आहे ना, तेवढे उद्या पाहा.