त्वचेवाटे आत काय जातं



"भाऊ, चेहऱ्याला लावायला काहीतरी द्या," असं मेडिकलमध्ये म्हटलं की काउंटरवर पाच-सहा ट्यूबा येऊन पडतात. त्यातली एक घ्यायची, लावून पाहायची, मानवली तर पुढं चालू ठेवायची. पुसद असो, वणी असो, घाटंजी असो, रीत हीच. लावून पाहायला माझी हरकत नाही. फक्त त्वचेवर लावलेलं वरच्यावर राहत नाही, त्यातलं काही आत जातं, एवढं ध्यानात ठेवून लावावं, हे सांगायला मी उभी आहे.

यवतमाळला ही गोष्ट फार मोठी किंमत मोजून कळली आहे. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना या जिल्ह्यात शेकडो लोकांना विषबाधा झाली, वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी माणसाच्या उंचीची, पाठीवर पंप, अंगाला चिकटलेला ओला सदरा. औषध श्वासावाटे गेलं, तसंच कातडीवाटेही गेलं. म्हणून फवारणीहून आल्या आल्या साबण लावून भरपूर पाण्यानं अंग धुणं आणि ते कपडे घरच्या धुण्यात न मिसळणं, ही आपल्याकडे त्वचेची पहिली निगा आहे. बाकी सगळी प्रसाधनं त्यानंतर.

साबण घेताना वेष्टनावर टीएफएम पाहा. साबणातल्या स्निग्धांशाचं ते प्रमाण. अंगाच्या साबणात पहिल्या प्रतीला ते किमान ७६ टक्के असावं लागतं, तिसऱ्या प्रतीला ६०. 'बाथिंग बार' लिहिलेली वडी याहूनही कमी स्निग्धांशाची असू शकते. बोअरचं पाणी जड असेल तर फेस येत नाही, अंगावर साका बसतो, मग आपण आणखी घासतो आणि कातडी कोरडी पडून खाजते. अशा वेळी महागडं लोशन शोधत बसू नये. साबण कमी लावावा, अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली लावावी. स्वस्त आहे आणि गुण येतो.

आता गोरेपणाच्या क्रीमकडे येते. अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आली होती. कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण. तिघीही ब्यूटी पार्लरमधून मिळालेलं क्रीम लावत होत्या आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा त्वचेतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. तोच पारा रक्तात उतरून मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी नाही, ती कितीही जवळच्या माणसानं दिली तरी घेऊ नका.

पाऱ्यापेक्षाही आपल्या घराघरांत जास्त शिरलेली वस्तू म्हणजे स्टेरॉइडचं मलम. जांघेत गजकर्ण उठतं, घामानं वाढतं, माणूस मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणतो. तिच्यात बुरशीवरचं औषध, जंतूंवरचं औषध आणि क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असं सगळं एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते. थांबवतं ते स्टेरॉइड, कारण ते शरीराची प्रतिकाराची धडपडच दाबून टाकतं. खाली बुरशी मोकळी पसरत राहते, चट्ट्याची ओळखू येणारी कडा पुसट होते, आणि ट्यूब संपली की दुप्पट भागावर उठते. मग तीच ट्यूब पुन्हा, आणि घरात ज्याला ज्याला खाजेल त्याला तीच. हेच स्टेरॉइड चेहऱ्यावर लावलं तर आधी तुकतुकी येते. पुढं कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, मुलींच्या गालांवर लव वाढते. लग्न ठरलेल्या मुलीला मैत्रिणीनं सुचवलेली ट्यूब पुष्कळदा हीच असते, याचं मला फार वाईट वाटतं. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं बाहेरून लावायची १४ स्टेरॉइडं अनुसूची 'एच'मध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा आहे. दुकानात चिठ्ठी मागितली गेली नाही, तर आपणच विचारलं पाहिजे, "भाऊ, यात स्टेरॉइड आहे का?" प्रामाणिक दुकानदाराला या प्रश्नाचा राग येत नाही.

नवीन काही वापरायचं तर एका वेळी एकच आणा. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावा. लाली, आग, खाज नसेल तरच चेहऱ्याला लावा. सनस्क्रीनलाही हाच नियम. मात्र दिवसभर वावरात राबणाऱ्या बाईनं आधी डोक्या-तोंडाला सुती दुपट्टा गुंडाळावा. क्रीम घामानं वाहून जातं, दुपट्टा राहतो.

आणि एक. इथं बसलेल्यांपैकी कुणी अशी स्टेरॉइडची ट्यूब महिनोन्‌महिने लावत असेल, तर हे ऐकून आज रात्री एकदम बंद करू नका. तसं केल्यास चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, आणि घाबरून माणूस पुन्हा तिच्याकडेच वळतो. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा किंवा तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना ती रिकामी ट्यूब सोबत न्या, खोक्यासकट. लाजून घरी ठेवू नका. तिच्यावरची नावं वाचली की काय लावलं होतं हे डॉक्टरांना कळतं, आणि ते कसं हळूहळू सोडवायचं हे त्यावरूनच ठरतं.