हात अडला तर आधी बोला

रेडिओवर बोलायचं ठरलं की आपण वही उघडतो, पहिली ओळ लिहितो आणि तिथेच अडतो. विहिरीवर, बचत गटाच्या बैठकीत मात्र तासभर बोलतो. मग कागदासमोरच असं का होतं? कारण तिथे आपण आपली बोली सोडून पुस्तकातली भाषा शोधत बसतो.

जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात राबता राबता त्यांनी आपल्या बोलीत गाणी रचली. मुलगा सोपानदेव यांनी ती उतरवून घेतली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. उतरवून घेणारं कुणी नसतं, तर ती गाणी त्यांच्यासोबतच गेली असती.

म्हणून आम्ही जोडीनं लिहितो. एकीनं सांगायचं, दुसरीनं जसंच्या तसं उतरवायचं, नाहीतर मोबाईलवर रेकॉर्ड करायचं. मध्ये फक्त एवढंच विचारायचं, "मग काय झालं?" शुद्धलेखन नंतर बघू. सुरुवात सुचत नसेल तर मधूनच सांगा: शेळी आजारी पडली तेव्हा काय केलं, कर्ज कसं फेडलं. एका वेळी एकच गोष्ट घ्या. झालं की मोठ्यानं वाचा. जिथे दम लागेल, तिथे वाक्य तोडा.

घरातल्या म्हातारीला जात्यावरच्या ओव्या येतात, बियाणं राखायची रीत ठाऊक आहे. या आठवड्यात तिच्यापाशी बसा, एक पान उतरवा आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवा.