यादीत नाव नसलं तरी



आज मी हॉकीबद्दल बोलणार आहे. मी काही या खेळातली जाणकार नाही. शाळेत दोन वर्षं खेळले, तेही मुरमाच्या मैदानावर आणि चौघींत मिळून तीन स्टिका घेऊन. पुढे खेळ सुटला, बघण्याचा नाद मात्र सुटला नाही. आमच्या घरी क्रिकेट लागलं की टीव्हीसमोर बसायला जागा मिळत नाही, आणि महिला हॉकीचा सामना असला की सगळी खोली माझी एकटीची असते.

सामना तर मी बघतेच, पण त्याहून जास्त वाट बघते ती संघाच्या यादीची. मोठ्या स्पर्धेआधी संघ जाहीर होतो, तेव्हा मी चष्मा लावून एकेक नाव वाचते. बहुतेक मोठ्या स्पर्धांना अठरा जणी असतात. ऑलिंपिकला तर सोळाच. टोकियोच्या वेळी करोनामुळे तेवढी सवलत मिळाली होती. मैदानात एका वेळी अकरा जणी खेळतात. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव, आणि हॉकीत खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. म्हणजे बाकावर बसलेली मुलगी नुसती बसलेली नसते. चार-पाच मिनिटांनी तिला धावत आत जायचं असतं, कारण या वेगाने साठ मिनिटं कुणीच पळू शकत नाही. म्हणून एक नाव कमी झालं तरी सगळ्या संघावर ताण येतो.

आणि माझं लक्ष आधी जातं ते नसलेल्या नावांकडे.

2021 चं टोकियो ऑलिंपिक तुमच्यापैकी पुष्कळ जणींना आठवत असेल. पहिले तिन्ही सामने आपण हरलो होतो. मग आयर्लंडला हरवलं. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वंदना कटारियाने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये गोलांची हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. 2 ऑगस्टला उपांत्यपूर्व फेरीत गुरजित कौरच्या एका गोलवर आपण ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं. गोलात सविता पुनिया भिंतीसारखी उभी होती. शेवटी कांस्यपदक ब्रिटनकडून 4-3 असं निसटलं, पण चौथं स्थान मिळालं. त्याआधी 2016 मध्ये रिओत आपण शेवटचे, बारावे होतो. त्यामुळे त्या चौथ्या स्थानाचं मोल मोठं होतं.

त्या संघाची कर्णधार होती राणी रामपाल. 2010 च्या विश्वचषकात पंधराव्या वर्षी खेळलेली मुलगी. टोकियोला जायचं तिकीटही 2019 मध्ये भुवनेश्वरला अमेरिकेविरुद्ध तिच्याच गोलने मिळालं होतं. आणि टोकियोनंतरच्या आशिया चषकाची यादी आली, तर राणीचं नावच नाही. हॅमस्ट्रिंगची दुखापत, एवढंच कळलं. मांडीच्या मागच्या बाजूला जो लांब स्नायू असतो, तो. मी म्हटलं, होईल बरं. पुढे ती अधूनमधून थोडं खेळली. 2022 च्या विश्वचषकाची यादी आली, त्यातही नाव नव्हतं. तेव्हा मी खूप चिडले होते. हिला डावलायचं ठरवलंय, असं मी घरात सगळ्यांना सांगत सुटले. ऐकणारं कुणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी. 2023 च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात ती परत आली, गोलही केला, पण संघातली जागा तिला परत मिळाली नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये तिने निवृत्ती घेतली. 254 सामने खेळलेली ही खेळाडू तेव्हा तीस वर्षांचीही नव्हती.

आत काय घडलं ते आत असणाऱ्यांना ठाऊक. पण तेव्हापासून मी यादी वेगळ्या तऱ्हेने वाचायला लागले.

जानेवारी 2024 मध्ये रांचीला पॅरिस ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा होती. पहिल्या तिघांना पॅरिसचं तिकीट. स्पर्धेच्या तोंडावर वंदनाच्या गालाचं हाड मोडलं आणि ती बाहेर गेली. उपांत्य फेरीत जर्मनीने शूटआऊटमध्ये हरवलं. जपानविरुद्ध एकच गोल बसला, आणि आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळत राहिले तरी त्यातून एकही गोल झाला नाही. आपण चौथे आलो. टोकियोत चौथं येऊन डोळ्यांत आनंदाश्रू होते, आणि रांचीत चौथं येऊन पॅरिस गेलं. वंदना असती तर जिंकलो असतो, असं मी म्हणणार नाही. असं कुणालाच सांगता येत नाही. पण गोलासमोरच्या धांदलीत चेंडू नेमका कुठे पडणार, हे जिला उमगतं अशी बाई त्या दिवशी मैदानात नव्हती, एवढं खरं.

2025 च्या आशिया चषकाआधी तर दोन नावं एकदम गळली. सविता आणि दीपिका. सविता म्हणजे सलग तीन वर्षं जगातली सर्वोत्तम गोलरक्षक ठरलेली. दीपिका म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकवरून ओढून फेकणारी, ज्याला ड्रॅगफ्लिक म्हणतात. दोघी जखमी. एक गोल अडवणारी, एक गोल करणारी. तरी बिछूदेवी खारीबम आणि बन्सारी सोळंकी या तरुण गोलरक्षकांना घेऊन संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. तिथे पहिल्याच मिनिटाला नवनीत कौरने गोल केला, पण चीनने 4-1 असं हरवलं आणि विश्वचषकाचा थेट प्रवेश हुकला.

त्या दिवशी माझ्या ओळखीतला एक जण म्हणाला, "या मुली सारख्या जखमीच कशा होतात? नाजूक असतात." मला राग आला. अहो, हॉकी कंबरेत वाकून खेळतात. वाकूनच पळायचं, वाकलेलं असतानाच एकदम थांबायचं, वळायचं, पुन्हा सुसाट सुटायचं. सगळा भार कंबरेवर, गुडघ्यांवर आणि मांडीच्या मागच्या त्याच स्नायूवर. चेंडू तर दगडासारखा कडक. यात दुखापत होणारच. ती झाल्यावर आपण काय करतो, हा खरा प्रश्न. आणि हा प्रश्न माझ्या घरातच आला, म्हणून आज मी इथे बोलायला आले आहे.

माझ्या भावाची मुलगी हॉकी खेळते. सोळा वर्षांची आहे, बचाव फळीत खेळते. तिचं नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. जिल्ह्याच्या निवड चाचणीआधी आठवडाभर सरावात पळताना तिच्या मांडीत मागून चटका बसला. तिने कुणालाही सांगितलं नाही. आईला नाही, सरांना नाही. मेडिकलमधून गुंडाळायची पट्टी आणली, ट्रॅकपँटच्या आत बांधली आणि चाचणीला उतरली. पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी एका चेंडूमागे झेपावली आणि खालीच बसली. उठताच येईना.

मी तिला विचारलं, "बाळा, सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "आत्या, सांगितलं असतं तर सरांनी दुसरीला घेतलं असतं. आणि घरी कळलं असतं तर पप्पांनी खेळच बंद केला असता."

दुसऱ्या गोष्टीत तिचं काही चुकलं नव्हतं. भाऊ त्याच रात्री म्हणाला, "झाली तेवढी हॉकी पुरे. उद्या पाय अधू झाला तर कोण निस्तरणार?" बोलला नाही, पण कोण करून घेणार हेही त्याच्या मनात होतं. वहिनी गप्प होती.

मी तिला फिजिओथेरपीच्या बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी समजावलं ते मी तुमच्यासाठी सोपं करून सांगते, कारण हे प्रत्येक आईला माहीत असायला हवं. स्नायूत चटका बसला की त्याच क्षणी थांबायचं. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं धरायचा, उघडा बर्फ कातडीवर नाही. पहिले दोन-तीन दिवस शेकायचं नाही आणि जोराने चोळायचंही नाही. आपल्याकडे नेमकं हेच करतात, गरम तेल आणि रगडून मालिश. सूज जास्त असेल, पाय टेकवत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. आणि दुखायचं थांबलं म्हणजे स्नायू बरा झाला असं नाही. आधी चालणं, मग सरळ हळू पळणं, मग जोरात, मग वळणं, आणि शेवटी स्टिक घेऊन वाकून पळणं. यातली एक पायरी गाळली की तोच स्नायू पुन्हा दुखावतो. पहिल्याच दिवशी थांबली असती तर थोड्या दिवसांचं काम होतं, असं बाई म्हणाल्या. तिला तीन महिने लागले.

त्या तीन महिन्यांत मी राणीबद्दल खूप विचार केला. आणि सुशीला चानूबद्दलही. सुशीला मणिपूरची. 2016 मध्ये तिच्या गुडघ्याला दुखापत झाली होती. ती सावरली, आणि रिओ ऑलिंपिकला तीच कर्णधार होती. पाच वर्षांनी टोकियोतही खेळली. म्हणजे दुखापत झाली की खेळ संपला, असं नसतं. वेळ दिला तर माणूस परत येतो. कधी येत नाही, हेही खरं. पण परतीची वाट उघडी आहे एवढं तरी तिला दिसायला हवं.

मोठ्या संघाकडे डॉक्टर असतात, मालिशवाले असतात, व्यायाम ठरवून देणारे असतात. तरी तिथेही जागा जाण्याची धास्ती असणारच. मग आपल्या तालुक्याच्या मुलीचं काय? तिला एक चाचणी हुकली तर वर्ष जातं. वर्ष गेलं की बारावी येते, बारावी झाली की घरात दुसरे विषय सुरू होतात. तिच्या हातात मोजून तीन-चार वर्षं असतात. म्हणून ती दुखणं लपवते. तिला धाडसी म्हणून टाळ्या वाजवू नका. ती घाबरलेली असते.

म्हणून माझं सांगणं दोन्हीकडच्या लोकांना आहे. शिकवणाऱ्यांना हे, की जी मुलगी "सर, दुखतंय" असं म्हणेल, तिला सगळ्यांसमोर सांगा की तुझी चाचणी आम्ही नंतर घेऊ. एकदा एका मुलीच्या बाबतीत हे झालं, की बाकीच्या पंधरा जणी आपोआप खरं बोलायला लागतील. आणि आपल्यासारख्या आयांना, आत्यांना, मावश्यांना हे, की मुलगी लंगडत घरी आली तर "बंद कर खेळ" हे पहिलं वाक्य नको. ते वाक्य एकदा ऐकलं की पुढचं दुखणं ती आपल्यापर्यंत येऊच देणार नाही.

आपल्या महाराष्ट्रातल्या मुली आज या यादीत आहेत, म्हणून हे बोलायची हीच वेळ आहे. वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ, अक्षता ढेकळे या तिघी सातारा जिल्ह्यातल्या, तिघीही भारताकडून खेळल्या. 2025 च्या त्या आशिया चषकात वैष्णवी आणि ऋतुजा दोघीही होत्या. आणि त्याच्या कितीतरी आधी, 1982 च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा कर्णधार होती पुण्याची एलिझा नेल्सन. हा खेळ आपल्याकडे परका नाही. टीव्हीवर वैष्णवीचं नाव आलं की आमची भाची जागेवरून उठते. आता दुखत नाही, हे तिला त्या निमित्ताने दाखवायचंही असतं.

भाची पुन्हा मैदानावर जाते. यंदाच्या जिल्ह्याच्या यादीत तिचं नाव नाही. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली, आणि ती चांगली खेळली. भाचीच मला हे सांगत होती, थोडं तोंड वाकडं करून, पण सांगत होती. भावाने अजून "खेळ" असं म्हटलेलं नाही. पण परवा पहाटे सरावाला सोडायला तोच गाडी काढून उभा होता. वहिनीने मला फोनवर हळूच सांगितलं.

परवा सरावात तिचा पाय जरा ओढल्यासारखा झाला. ती थांबली, बाजूला गेली आणि सरांना म्हणाली, "आज एवढंच." संध्याकाळी फोन करून मला हे सांगितलं, तेव्हा मला ऑस्ट्रेलियाला हरवल्यासारखं वाटलं.

पुढच्या वेळी संघाची यादी येईल तेव्हा तुम्हीही वाचा. जिचं नाव दिसणार नाही तिला नावं ठेवण्याआधी तिच्या पायाची, पाठीची चौकशी करा. आणि तुमच्या गल्लीत एखादी मुलगी स्टिक घेऊन जाताना दिसली, तर तिलाही विचारा, बाई, कुठे दुखत-खुपत नाही ना?